जागतिक पुरवठा साखळीत कामगारांची नेमकी भूमिका काय असते?

सगळं यंत्रांवर आणि सॉफ्टवेअरवर चालत असताना या साखळीत कामगाराचं काम उरतं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर होते, म्हणजे परदेशी खरेदीदार आणि कारखाना यांच्यामधली निरोपी. त्यामुळे त्याच धंद्यातलं सांगते.

शिलाईच्या लाइनवर बाही लावणारी ऑपरेटर बघा. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा मुद्दाम थोडा मोठा कापलेला असतो. ते जादाचं कापड चुणी पडू न देता शिलाईत जिरवायचं असतं. एक कड किंचित ओढायची, दुसरी सैल सोडायची, आणि हे सगळं मशीन पळत असताना. कापड लोळतं, ताणतं, सरकतं, प्रत्येक थानाची तऱ्हा वेगळी. पत्र्याला वेल्डिंग करणारे रोबो कधीच आले, पण कपडा शिवायला अजून बहुतेक ठिकाणी माणसाची बोटंच लागतात. त्या बोटांना मिनिटांचा हिशेब लावलेला असतो. एका कामाला पाऊण मिनिट ठरलं, की तासाला ८० नग निघालेच पाहिजेत.

पण माझ्या मते कामगाराची खरी भूमिका पुढे आहे. कापडासारखा तो उशीरही जिरवतो.

ऑर्डर पक्की होते तेव्हा माल रवाना करायची तारीख ठरते. मग कापड उशिरा येतं, खरेदीदार बटणाची छटा बदलतो, नमुन्याची मंजुरी लटकते. तारीख मात्र तिथेच. जहाज चुकलं तर माल विमानाने पाठवायचा, तोही कारखान्याच्या खर्चाने, नाहीतर बिलात कपात सोसायची. वरच्या प्रत्येकाने खाल्लेले दिवस शेवटी भरून निघतात ते शिलाई आणि पॅकिंगच्या ओव्हरटाइममधून. त्यांच्या खाली ढकलायला कोणीच नसतं.

ढाक्याजवळच्या राणा प्लाझामध्ये २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे गेले. इमारतीतली बँक आणि दुकानं बंद झाली. कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलावलं. त्या सकाळी इमारत कोसळली आणि १,१०० हून जास्त माणसं गेली. बेकायदा चढवलेले मजले हा मालकाचा गुन्हा, त्याबद्दल वाद नाही. पण तडे दिसत असताना माणसं आत न्यायची घाई कुठून येते, हे या धंद्यात राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये बंधनकारक करार झाला. आगीपासून आणि इमारतींच्या सुरक्षेत त्याने खरोखर फरक पडला. मालाच्या तारखा ठरवायची रीत त्याच्या कक्षेत नव्हती.

समुद्रावरही हेच. देशादेशांमधल्या व्यापारातला ८० टक्क्यांहून जास्त माल, वजनाने मोजला तर, जहाजांनी जातो. २०२० मध्ये देशांनी सीमा बंद केल्या तेव्हा माल चालू राहिला आणि खलाशी अडकले. एका टप्प्यावर सुमारे ४ लाख लोक करार संपूनही जहाजावरच होते. सलग ११ महिन्यांची कमाल मर्यादा असताना काहींनी वर्षापेक्षा जास्त काळ काढला.

कारखान्यात तपासणीला येणारे लोक ओव्हरटाइमचं रजिस्टर बघतात, आगीचे दरवाजे उघडून बघतात. मंजुरी किती दिवस उशिरा आली होती, हे माझ्यासमोर तरी कुणी विचारलं नाही. एकदा ती नऊ दिवस उशिरा आली होती. तारीख पुढे ढकलता येईल का, असं विचारायचं सोडून मी खरेदीदाराला लिहिलं, ‘काळजी नको, आम्ही मॅनेज करतो.’ तो खूश झाला, माझे साहेबही खूश झाले. मी सहाला घरी गेले आणि लाइन पुढचे पंधरा दिवस रात्री दहापर्यंत चालली.