पोस्टग्रेस सर्व्हर सांभाळायचा तर आधी रिस्टोअर शिका

भाऊ, एसक्यूएल येतं, जिनिंगच्या हिशोबाचा पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हर अंगावर पडलाय, अ‍ॅडमिनचं काम कुठून शिकू, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जण शेअर्ड बफर्सपासून, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला पोस्टग्रेसला दिलेल्या मेमरीपासून, सुरू करतात. त्यात फार अडकू नका. डिफॉल्ट 128 एमबी असतं. 8 जीबी रॅम असेल तर 2 जीबी करा, रिस्टार्ट द्या, पुढे चला.

खरं शिक्षण रिस्टोअरमध्ये, म्हणजे बॅकअपमधून डेटाबेस परत उभा करण्यात आहे. पडून असलेल्या पीसीवर त्याच मेजर व्हर्जनचं पोस्टग्रेस टाका आणि रात्री पीजी_डम्पने घेतलेला कस्टम फॉरमॅटचा डम्प (बॅकअप फाइल) पीजी_रिस्टोअरने त्यावर चढवा. रोल (डेटाबेसचा युजर) सापडत नाही, अशा एरर हमखास येतील. पीजी_डम्प एकाच डेटाबेसपुरता असतो; युजर आणि पासवर्ड अख्ख्या क्लस्टरचे, म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचे मिळून, ते त्यात येतच नाहीत. त्यासाठी पीजी_डम्पऑल हे --ग्लोबल्स-ओन्ली लावून वेगळं चालवायचं आणि ती फाइल आधी चढवायची. फसगत होते ती अशी, की पीजी_रिस्टोअर एररवर थांबत नाही. काम पुढे रेटतं आणि किती एरर सोडून दिल्या तो आकडा अगदी शेवटच्या ओळीत सांगतं. टेबलं दिसतात, डेटा दिसतो, पण सॉफ्टवेअर जोडलं की 'परमिशन डिनाइड'. ती ओळ वाचाच. शिवाय डम्प घेतला तेव्हाची शेवटची काटापावती आत आहे का, तेही बघा.

कापसाच्या सीझनमध्ये एन्ट्री हळू चालते म्हणून कोणी एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणारी सेटिंग) बंद करायला सांगेल. ऐकू नका. लाईट गेली की डेटाबेस करप्ट होऊ शकतो, आणि आपल्याकडे लाईटचा काय भरवसा! अगदीच वेग हवा असेल तर सिंक्रोनस_कमिट (एन्ट्री डिस्कवर पोचेपर्यंत थांबायला लावणारी सेटिंग) बंद करा. त्यात शेवटच्या क्षणाच्या एन्ट्री जाऊ शकतात, पण डेटाबेस शाबूत राहतो.

डिस्क भरली तर पीजी_वॉल फोल्डरमधली एकही फाइल हाताने उडवू नका. त्या साध्या लॉग फाइली नाहीत, त्यात डेटाबेसमधल्या बदलांची नोंद असते आणि क्रॅशनंतर सर्व्हर त्यांच्यावरच उभा राहतो. लोक लॉग समजून उडवत, म्हणूनच व्हर्जन 10 मध्ये या फोल्डरचं पीजी_एक्सलॉग हे जुनं नाव बदलून पीजी_वॉल केलं. फोल्डर का फुगतंय ते शोधा: पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये बेवारस स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी या फाइली राखून ठेवणारी नोंद) आहे का, पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमध्ये फेल्ड_काउंट (आर्काइव्ह कमांडला या फाइली दुसरीकडे कॉपी करता आल्या नाहीत तो आकडा) वाढतोय का. स्लॉट नको असेल तर ड्रॉप करा, आर्काइव्ह कमांड दुरुस्त करा. पुढच्या चेकपॉइंटला (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवले जातात तेव्हा) जुन्या फाइली पोस्टग्रेस स्वतःच काढतं.