बी.कॉम. झालंय, अनुभव शून्य. पुण्यात पहिली नोकरी कशी शोधू?

नोकरीच्या साइटवर रोज पन्नास अर्ज टाकत बसू नका. मी चार महिने तेच केलं. एकच फोन आला, तोही क्रेडिट कार्ड विकायला.

बी.कॉम.वाल्यांनी आधी सीएंची छोटी ऑफिसं गाठावीत. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत बायोडेटा घेऊन जिने चढा. यातले बरेच जण जाहिरात देतच नाहीत, ओळखीपाळखीत विचारतात. वेळ मात्र साधा: पगारदारांच्या आयकर रिटर्नची मुदत साधारण 31 जुलै, म्हणून मे-जूनमध्येच जा. जुलैअखेरीस गेलात तर कोणी मान वर करून बघणार नाही. (आणि दुपारी एक ते चार नकोच, पुणं आहे हे.)

जाण्याआधी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसवा. जीएसटीच्या रिटर्नपैकी जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचा तपशील, 3बी म्हणजे गोषवारा आणि करभरणा, एवढं तरी सांगता यावं. मला मुलाखतीत बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आणि आपल्या वहीतल्या नोंदी जुळवणं) करायला दिलं होतं, तेही कागदावर. चुकलं, पण कुठे चुकलं ते मीच शोधलं, म्हणून घेतलं. पगार यथातथाच होता, पण वर्षभरात एक्सेल आणि जीएसटी पक्कं झालं.

दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या 'नॅट्स' पोर्टलवरची अप्रेंटिसशिप. पदवीधरांना वर्षभर विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

नोकरीसाठी कोणी 'रजिस्ट्रेशन फी' किंवा डिपॉझिट मागितलं, तर चहासुद्धा न पिता उठा.