वाचक विचारतात : जपानमधली इंटर्नशिप

परदेशातल्या इंटर्नशिपबद्दल सांगली-सातारा भागातून बरीच पत्रं आली. त्यात जपानविषयीची सर्वांत जास्त, म्हणून या वेळी तेवढीच घेतली आहेत.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओसाकाजवळच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे, भत्ताही आहे. व्हिसाची सुरुवात कुठून करू? – विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कॉलेजातून. भत्ता घेऊन इंटर्नशिप करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला जपान ‘डेझिग्नेटेड अ‍ॅक्टिव्हिटीज’ या प्रकारात येऊ देतो. त्यासाठी तुम्ही पदवी अभ्यासक्रमात शिकत असायला हवं, इंटर्नशिप त्या अभ्यासक्रमाचा भाग असायला हवी आणि कॉलेज व कंपनीत लेखी करार हवा. मुदत एका वर्षापेक्षा जास्त नको, आणि एकूण मुदत पदवीच्या कालावधीच्या निम्म्याहून जास्त नको. निकाल लागून पदवी हातात आली की हा मार्ग बंद होतो, त्यामुळे ‘शेवटची परीक्षा देऊन निवांत जाते’ असं ठरवू नका.

अडतं ते बहुधा क्रेडिटच्या पत्रावर. ‘विद्यार्थिनीस जाण्यास हरकत नाही’ एवढ्या एनओसीने भागत नाही. कोणत्या सेमिस्टरला, कोणत्या विषयाखाली, किती क्रेडिट मिळणार आणि तारखा काय, हे विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर घ्या.

दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, तर पासपोर्टवर तुमचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. बोनाफाईड, करार, अर्ज सगळीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग हवं, एका अक्षराचाही फरक नको.

ही कागदपत्रं गेली की कंपनी तिकडच्या इमिग्रेशन कार्यालयात ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’साठी, म्हणजे व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रतेच्या दाखल्यासाठी अर्ज करते. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये पाऊल टाकावं लागतं, म्हणून ते येताच मुंबईच्या वाणिज्य दूतावासासाठीचा व्हिसा अर्ज भरा. कन्साई विमानतळावर उतरल्यावर रेसिडेन्स कार्ड मिळेल. घरी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत स्थानिक नगर कार्यालयात पत्ता नोंदवा. आरोग्य विम्याचं कामही तिथेच होतं. विमा असला की दवाखान्याच्या बिलाचा ३० टक्के भाग आपला.

प्रश्न : मुलगा डिप्लोमाला आहे. एक एजंट म्हणतो, पैसे भरा, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिकडे पगारी इंटर्नशिप लावून देतो. – पालक, कराड

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर पगार घेऊन काम करणं जपानमध्ये बेकायदा आहे. सापडला तर मुलाला परत पाठवतील आणि पुढची काही वर्षं तिकडचं दार बंद राहील. वरच्या उत्तरातला मार्ग पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, डिप्लोमासाठी नाही. ‘टेक्निकल इंटर्न’ ही योजना नावाने जवळची वाटली तरी वेगळी आहे. ती कामगार प्रशिक्षणाची, भारताने तिच्यासाठी २०१७ साली जपानशी करार केला. मुलाने थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला प्रवेश घ्यावा आणि मग कॉलेजमार्फत प्रयत्न करावा, हे आम्हाला जास्त योग्य वाटतं.

प्रश्न : सुट्टीत कुपवाड एमआयडीसीत काम केलं आहे. जपानी कारखान्यात वेगळं काय सांभाळायचं? – विद्यार्थी, मिरज

उत्तर : फाइव्ह-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) यांचे फलक तुम्ही इथंही पाहिले असतील. खरा फरक काही बिघडलं की कळतो. तिथला नियम आहे : थांबवा, बोलवा, वाट पाहा.

समजा, शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे ०.०२, आणि मायक्रोमीटरवर नग २५.०३ भरला. आपल्याकडे मुलं काय करतात? दोन-तीनदा मोजतात, एमरी पेपर मारून मापात आणतात आणि सगळं जमलं की मग सरांना सांगतात, किंवा सांगतच नाहीत. तिथं यासारखी मोठी चूक नाही. नग बाजूला ठेवा, मशीनच्या सेटिंगला हात लावू नका, मार्गदर्शकाला हाक मारा. त्यांना तो एक नग वाचवायचा नसतो. टूल झिजलं का, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं टूलचं माप) सरकला का, आधीचे किती नग संशयाखाली घ्यायचे, हे शोधायचं असतं. तुम्ही एमरी फिरवलात की तो मागच पुसला जातो. लवकर सांगितल्याबद्दल तिथं कुणी रागावत नाही. उशिरा सांगितलं तर विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला सहा महिने पुरत नाहीत.

सूचना मिळाली की नुसती मान हलवू नका. आकडा, नग आणि वेळ मोठ्याने परत म्हणून दाखवा. काम निम्मं झालं की विचारायची वाट न बघता जाऊन सांगा. संध्याकाळच्या अहवालात काय ठरलं होतं, काय झालं, काय अडलं आणि उद्या काय, एवढंच लिहा. मोजलेलं आधी, तुमचा अंदाज वेगळ्या ओळीत.

साडेआठची वेळ म्हणजे साडेआठला गणवेश घालून जागेवर. ट्रेन उशिरा धावली तर आधी फोन करा आणि स्टेशनवरून उशिराचा दाखला घ्या. तो मागितला की मिळतो.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी कोणती ड्रॉइंग आणि आकडे वापरता येतील, याची लेखी परवानगी निघण्याच्या तीन आठवडे आधी मागा. शेवटच्या दिवशी मागणाऱ्यांचे रिपोर्ट कोरडेच राहतात.

प्रश्न : हातात चार महिने आहेत. जपानी किती शिकू? – विद्यार्थी, कोरेगाव

उत्तर : हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिपी पहिल्या महिन्यातच पक्क्या करा, काताकानाकडे जास्त लक्ष द्या. मशीनवरचे आणि हत्यारांचे बरेच शब्द त्याच लिपीत असतात : ‘दोराइबा’ म्हणजे स्क्रूड्रायव्हर, ‘नोगिसु’ म्हणजे व्हर्नियर कॅलिपर. मग आकडे, वेळ आणि ‘पुन्हा सांगाल का’. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सर्वांत सोपी पातळी पुण्यात देता येते. जमली तर उत्तम, पण तिच्यासाठी जाणं लांबवू नका.

प्रश्न : मुलगी शुद्ध शाकाहारी आहे. बरोबर काय द्यावं? – आई, सातारा

उत्तर : इथला इलेक्ट्रिक कुकर किंवा किटली देऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, त्यावर २३० व्होल्टचं उपकरण जेमतेम पाचव्या हिश्शाने तापतं. खोलीत इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. इंडक्शन बुडाचा स्टीलचा छोटा द्या. प्लग दोन चपट्या पिनांचा लागतो.

बाहेर खाताना जपायचं ते ‘दाशी’ला. हे सार बहुतेक वेळा माशाचं असतं आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोनच्या (जाड नूडल्सच्या) रश्श्यात वरून दिसत नाही. करी करण्यासाठी मिळणाऱ्या तयार मसाल्याच्या वड्यांतही अनेकदा प्राण्यांची चरबी असते. ‘मांस, मासे आणि दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड तिच्या पाकिटात ठेवा. तूरडाळ, पीठ तिकडच्या भारतीय दुकानांतून घरपोच येतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे सामानात नकोत. रोजची औषधं प्रिस्क्रिप्शनसह महिन्याभराचीच द्या, आणि कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं अजिबात नकोत.

ऑफिसात वाटायला कंदी पेढ्यांऐवजी तासगावचे बेदाणे द्या. दुधाच्या पदार्थांना वेगळे नियम आहेत, बेदाण्यांना ती कटकट नाही. मात्र मोठी पिशवी नको, एकेकाला देता येतील अशी छोटी बंद पाकिटं हवीत, वर तारीख छापलेली. विभागात जितकी माणसं, त्याहून पाच-सहा जास्त.