कमी रनिंगच्या गाडीसाठी ८० हजार रुपये जास्त मोजावेत का?

साताऱ्याच्या एका शिक्षक वाचकांनी २०१८ सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन पेट्रोल गाड्या पाहिल्या आहेत. पुण्यातील जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे असलेल्या गाडीच्या मीटरवर ४८,००० किलोमीटर दिसतात आणि तिची किंमत ५,४०,००० रुपये आहे. दुसरी गाडी ओळखीच्या गृहस्थांची असून ती ९२,००० किलोमीटर चालली आहे आणि ते ४,६०,००० रुपये मागत आहेत. पुण्याची गाडी चालवून पाहताना काटा ८० वर असताना मोबाइलवरील जीपीएस ७५ दाखवत होता, म्हणून मीटरमध्ये फेरफार झाला असावा, अशी शंका त्यांना आली आहे. हाताशी ३,५०,००० रुपये आहेत, उरलेल्या रकमेसाठी १२ टक्के दराने पाच वर्षांचे कर्ज मिळणार आहे आणि वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर प्रवास होईल, असे ते लिहितात.

सर, आपली शंका रास्त आहे, परंतु तिचे कारण चुकीचे आहे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, हे पाळण्यासाठी उत्पादक तो मुद्दामच थोडा जास्त वेग दाखवेल असा बसवतात. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढा फरक चालतो. म्हणजे खरा वेग ७५ असताना काटा ८६ पर्यंत गेला तरी तो नियमात बसतो. शिवाय काट्याने वेग वाढवून दाखवला म्हणून ओडोमीटरही, म्हणजे एकूण किलोमीटर दाखवणारा मीटरही, अंतर वाढवून मोजतो असे नाही, कारण ओडोमीटर चाकांचे फेरे मोजतो आणि त्याची चूक मुख्यतः टायरच्या व्यासावर अवलंबून असते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरच्या जागी १९५/६५ आर १५ मापाचे टायर बसवले, तर व्यास सुमारे २ टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तितकेच अंतर कमी नोंदवतो. टायर पुरते झिजले की जवळजवळ तेवढाच फरक उलट दिशेने पडतो. ४८,००० किलोमीटरवर ही चूक हजारभर किलोमीटरची होते, आणि तिच्यासाठी किमतीत एक रुपयाही इकडेतिकडे करण्याचे कारण नाही.

खरा धोका मीटर मागे फिरवला जाण्याचा आहे, आणि तो रस्त्यावरच्या चाचणीत कळत नाही. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी ट्रिप मीटर (शून्यावर आणून एका प्रवासाचे अंतर मोजता येणारा मीटर) ताडून पाहिला, तरी मीटर आज बरोबर मोजतो एवढेच सिद्ध होते. कोणी त्यातील आकडा पूर्वी बदलला का, हे त्यावरून समजत नाही. तेव्हा कागदांकडे वळावे लागते. आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो: आधीचे मालक महिन्यातून एकदा तरी पुण्याहून कोल्हापूरला गावी जात, असे विक्रेत्याने सांगितले. जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर धरले, तर वर्षाला ५,५२० आणि सात वर्षांत सुमारे ३८,६०० किलोमीटर होतात. म्हणजे पुण्यातील सात वर्षांच्या वापरासाठी जेमतेम ९,४०० किलोमीटर, दिवसाला चारसुद्धा नाहीत, एवढेच उरतात. २०२० च्या टाळेबंदीत काही फेऱ्या चुकल्या असतील, आणि घरी दुसरी गाडी असेल तर हा हिशेब खराही असू शकेल. तरीही या आकड्यावर ८०,००० रुपये लावण्यापूर्वी त्याचा पुरावा मागितलाच पाहिजे.

हा पुरावा मिळण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी येथील प्रत्येक फेरी मालकांच्या फास्टॅग खात्यात नोंदलेली असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात, त्यामुळे मालकांकडून सगळी बिले मागवावीत आणि आकडा कुठे अडखळतो का, ते पाहावे. टायरवरील चार अंकी सांकेतिक क्रमांकही वाचावा. २३२० म्हणजे २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायर २०२० चेच निघाले, तर गाडीचे मूळ टायर दोन वर्षांतच का बदलावे लागले, हे विचारायलाच हवे.

आता पैशांचे. बचतीतील एक लाख आणीबाणीसाठी बाजूला ठेवून अडीच लाख भरावेत, असे मी सुचवतो. त्या हिशेबाने पुण्याच्या गाडीचा मासिक हप्ता सुमारे ६,४५० रुपये आणि ओळखीच्या गाडीचा ४,६७० रुपये येईल. म्हणजे ८०,००० रुपयांचा फरक पाच वर्षांत व्याजासह जवळपास १,०७,००० रुपयांचा होतो, आणि न वापरलेल्या ४४,००० किलोमीटरसाठी आपण प्रत्येकी २ रुपये ४३ पैसे मोजता. आकडा खरा असेल तर हा भाव मला अवाजवी वाटत नाही, कारण ९२,००० किलोमीटरच्या गाडीसाठी टायर, क्लच आणि सस्पेन्शन मिळून चाळीस-पन्नास हजारांची तरतूद मी करायलाच सांगेन. आकडा खोटा असेल तर मात्र ते पैसे पूर्णपणे बुडाले, आणि गाडी चोरीला गेली तर ते विम्यातून परत येतील असेही धरू नये, कारण पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा रक्कम घसाऱ्याच्या तक्त्यावरून नव्हे, तर विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते.

विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट आहे: व्यावसायिकाकडून घेतलेल्या गाडीबाबत दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, तर ओळखीच्या गृहस्थांशी झालेल्या खाजगी व्यवहारात तो मार्ग नसतो. म्हणून पुण्याची गाडी घेण्याचे ठरलेच, तर बिलावर मीटरचा आकडा लिहून तो खरा असल्याची हमी सहीशिक्क्यासह घ्यावी. ती द्यायला जो विक्रेता नकार देईल, त्याच्याकडून आपण गाडी घेऊ नये, असे मी मनापासून सांगतो.

माझा कल ९२,००० च्या गाडीकडे आहे, पण तिचीही सगळी सर्व्हिस बिले तारखेनुसार लावून आकडे चढत गेले आहेत का, हे तपासल्यानंतरच. पुण्याच्या विक्रेत्याकडे फास्टॅगचे स्टेटमेंट आणि बिले लेखी मागावीत आणि आठवडाभर वाट पाहावी. ती आली आणि जुळली, तर किमतीत २०,००० रुपयांची घासाघीस करून तीच गाडी घ्यायला माझी हरकत नाही. न आल्यास ओळखीच्या गृहस्थांची गाडी आपल्या विश्वासातील मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून तपासावी आणि क्लच-सस्पेन्शनचा जो खर्च तो सांगेल, त्यातील निम्मा तरी ४,६०,००० मधून कमी करून मागावा.