फेज इंटरपोलेटरचा डॅक रेषीय आहे, तरी आयएनएल का बिघडतो?

फेज इंटरपोलेटर दोन क्लॉक फेज हव्या त्या प्रमाणात (वेटने) मिसळून मधला फेज बनवतो; हे वेट डॅक, म्हणजे डिजिटल कोडचं करंटमध्ये रूपांतर करणारा भाग, ठरवतो. आयएनएल म्हणजे आउटपुट फेज आदर्श सरळ रेषेपासून किती ढळतो ते. तुम्ही दिलेले आकडे धरतो: १० जीबीपीएस रिसीव्हर, हाफ-रेट (एका क्लॉक सायकलला दोन बिट) म्हणून ५ गिगाहर्ट्झ क्लॉक, आय-क्यू (एकमेकांपासून ९० अंशांवरचे) इनपुट, क्वाड्रंटला (९० अंशांच्या भागाला) ३२ स्टेप. डॅकचे ट्रान्झिस्टर मोठे करून हे सुटणार नाही. दोन्ही वेटची बेरीज कायम ठेवली (कॉमन मोड, म्हणजे आउटपुटच्या दोन तारांची सरासरी पातळी, हलू नये म्हणून ठेवतातच) की साइन इनपुटला आउटपुट फेज टॅन इन्व्हर्सच्या वळणाने जातो. आदर्श स्टेप १.५६ पिकोसेकंद, पण क्वाड्रंटच्या टोकाला जेमतेम १.०३ मिळते आणि मध्यावर १.९९. आयएनएल ४ अंशांच्या जरा वर, म्हणजे साधारण २.३ पिकोसेकंद. शिवाय मध्यावर ॲम्प्लिट्यूड ०.७१ पट उरतं आणि पुढचा सीएमएल-टू-सीमॉस कन्व्हर्टर (छोट्या स्विंगचा सिग्नल पूर्ण लॉजिक पातळीवर नेणारा) त्याचीही फेज एरर करतो. इंटरपोलेटर एकटा सिम्युलेट केलात तर ही कन्व्हर्टरची भर दिसतच नाही.

मी आधी सगळ्या १२८ कोडवर आयएनएल काढून त्यातल्या लाटा मोजेन. ३६० अंशांत चार असतील तर टॅन इन्व्हर्स किंवा इनपुटमधला तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेचा घटक). दोन असतील तर आय-क्यूमध्ये नेमके ९० अंश नाहीत किंवा त्यांचं ॲम्प्लिट्यूड सारखं नाही.

चार लाटांवर स्वस्त उपाय म्हणजे टोकाच्या डॅक सेलना मध्यावरच्यांच्या दुप्पट करंट देणं. इनपुट साइनच्या जवळ असेल तोवरच तो चालतो. पॉवर परवडत असेल तर ४५ अंशांवरचे आठ फेज घ्या: तोच ४ अंशांचा एरर अर्ध्या अंशाच्या आत येतो, ॲम्प्लिट्यूडही ०.९२ पटीखाली जात नाही.

इनपुट एज फार तीव्र असणंही वाईटच. आय आणि क्यूच्या एजमध्ये ५० पिकोसेकंद अंतर आहे. राइज टाइम (एज खालून वर जायला लागणारा वेळ) २० असेल तर बेरजेत मधेच सपाटी येते, क्रॉसिंग तिथे पडलं की जिटर (एजच्या वेळेतली डगमग) वाढतो. ६०-७० पर्यंत सैल करा, त्याहून जास्त नको, कारण मग नॉइजमुळेच जिटर वाढतो. हाच ब्लॉक २.५ जीबीपीएसलाही चालवायचा असेल तर अंतर २०० होतं, म्हणजे लोडला स्विच होणारे कपॅसिटर हवेतच.

क्वाड्रंट बदलताना ज्या फेजचं वेट शून्य आहे त्याचीच पोलॅरिटी उलटवा, नाहीतर क्लॉकमध्ये ग्लिच येतो. स्प्रेड स्पेक्ट्रममुळे (क्लॉकची वारंवारता मुद्दाम थोडी हलती ठेवल्यामुळे) ५६०० पीपीएम (दशलक्षात ५६०० भाग) फरक असेल आणि डेटाच्या मागे फेज सरकवणारा लूप १६ यूआयला (यूआय म्हणजे एका बिटचा वेळ) एकदा अपडेट होत असेल, तर एका अपडेटला जवळपास ६ स्टेप सरकावं लागतं. तेवढी उडी एकदम मारली तर शून्य वेटचा कोडच ओलांडला जातो. ती उडी वेगळ्या, जलद क्लॉकवर एकेक स्टेपने द्या.