पाठ असतं, तरी समोर उभं राहिलं की कोरं होतं

सेमिनारचे दिवस आले की मुलं हीच तक्रार घेऊन माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतात. त्यांतली ही एक मुलगी: सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. विषय काँक्रीटचं क्युरिंग, म्हणजे ओतल्यावर ते काही दिवस ओलं ठेवणं. वेळ 10 मिनिटं, स्लाइड 24 आणि इंग्रजी भाषण शब्दन् शब्द पाठ.

"चुकलीस तर काय होईल?"

"हसतील, मॅडम."

"आणि हसले तर?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी मूर्खच ठरले ना."

दुखणं इथे होतं. ‘चांगलं बोलायचंय’ ही इच्छा तयारीला लावते. ‘चुकताच कामा नये’ ही सक्ती जीभ अडकवते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आयुष्यभर हाच भेद मांडला आणि तरुणपणी स्वतःला असलेली भाषणाची भीती मुद्दाम भाषणं करकरूनच घालवली. घोकंपट्टी त्या सक्तीतूनच येते. मग लक्ष अर्थावर नसतं, शब्दांच्या क्रमावर असतं; एक शब्द निसटला की पुढचं काहीच आठवत नाही.

"लॅपटॉप मिट," मी म्हटलं. "नव्या स्लॅबवर पाणी का साठवतात, ते मला मराठीत सांग. मला यातलं काही कळत नाही."

ती सांगत गेली. सिमेंट घट्ट व्हायला पाणी लागतं; ते उडून गेलं तर ताकद अपुरी राहते, वर भेगा पडतात. साध्या सिमेंटला किमान 10 दिवस... "नाही, थांबा, 7. मिश्र सिमेंटला 10."

"आत्ता चुकलीस, लक्षात आलं?"

"हो. पण तुम्हाला समजलं ना?"

याच वाक्याची मी वाट पाहत होते. ‘मी कशी दिसते’ हा प्रश्न मागे पडून ‘यांना समजलं का’ हा पुढे आला होता. हे समुपदेशकानं सांगून उपयोग नसतो; ते समोरच्याच्याच तोंडून यावं लागतं.

पुढचं काम सोपं. 24 स्लाइडच्या 7 केल्या. प्रत्येकीवर एक विधान, एक चित्र, अक्षर 28 पॉइंटपेक्षा लहान नाही. पाठ फक्त पहिली दोन वाक्यं, कारण भीती बहुधा सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. बाकी मुद्दे कार्डावर, एकेका शब्दात. सराव उभ्यानं, मोठ्यानं, घड्याळ लावून, 8 मिनिटांत संपेल असा. मनात वाचणं म्हणजे सराव नव्हे. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, म्हणून स्लाइड बदलताना पूर्ण श्वास सोडेपर्यंत गप्प राहायचं. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग: मैत्रिणींसमोर मुद्दाम मध्येच थांबून "हा मुद्दा परत सांगते" म्हणायचं. अडखळल्यावर काय करायचं हे अंगवळणी पडलं की अडखळण्याची दहशत ओसरते.

सेमिनारनंतर ती आली. "हात थरथरत होते. तिसऱ्या स्लाइडला अडकलेसुद्धा."

"मग?"

"परत सांगितलं. मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, समुद्राचं पाणी का नाही चालत?"

क्षारांमुळे आतली सळई गंजते, हे तिनं फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं.