ओव्हन नसताना सोलापुरात घरी ग्रीक ‘ब्रिआम’ कसं करायचं? झुकिनी आणि ऑलिव्ह ऑइलला पर्याय काय?

ओव्हनवाचून अडत नाही, झुकिनीवाचूनही नाही. तेलात मात्र काटकसर करू नका. ब्रिआम म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली ग्रीक मिश्र भाजी. ती तिकडच्या ‘लाधेरा’, म्हणजे भरपूर तेलात शिजवलेल्या पदार्थांत मोडते; लाधी म्हणजे तेल. भाज्या स्वतःच्याच पाण्यात शिजतात, ते पाणी आटतं आणि तळाशी टोमॅटो-तेलाचा दाट रस उरतो. वरून पाणी घातलंत की झाली पातळ भाजी. (नाव फारसी ‘बिर्यान’, म्हणजे भाजलेलं, यावरून तुर्कीमार्गे तिकडे गेलं. बिर्याणीचं मूळही तेच.)

चौघांसाठी: बटाटे 400 ग्रॅम, वांगी 400 ग्रॅम, कोवळा दुधी 400 ग्रॅम, लालबुंद पिकलेले टोमॅटो 600 ग्रॅम, दोन मोठे कांदे, एक ढोबळी मिरची, लसणाच्या 6-8 पाकळ्या, तेल 100 मिली, मीठ अंदाजे दोन चमचे, ओरेगानो दीड चमचा, मिरपूड अर्धा चमचा. चमचे सगळे चहाचे.

झुकिनीच्या जागी दुधीच घ्या. दोडका शिजून लगदा होतो, काकडी नुसतं पाणी सोडते. नखानं सहज टोचला जाईल असा दुधी निवडा, मधला बियांचा कापूस काढून टाका आणि दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. वांगी भरताची घ्या. लक्ष्मी मंडईत छोटी काटेरीच मिळाली तर तीही चालतील, उभ्या चार फाकी करा.

तेलाचं मी असं करते: 60 मिली रिफाइंड शेंगतेल आणि 40 मिली एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल. घाण्याचं शेंगतेल नको, त्याच्या वासापुढे बाकी काही कळत नाही. ऑलिव्ह ऑइल परतायला वापरू नका. त्याचा ताजा वास तासभराच्या शिजण्यात बराचसा उडतो. म्हणून त्यातलं निम्मं टोमॅटोबरोबर आणि निम्मं गॅस बंद केल्यावर घाला.

आता वांगी. वांग्याच्या गरात हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ते स्पंजासारखं तेल पितं. फोडींना अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत अर्धा तास ठेवा, मग मुठीत दाबून पिळा. फोडी लिबलिबीत होतात आणि पोकळ्या मिटतात. हे मीठ वरच्या दोन चमच्यांतलंच धरा, नाहीतर शेवटी खारट होईल.

टोमॅटो चिरू नका. आडवा अर्धा कापा, कापलेली बाजू किसणीला लावून किसा. गर खाली पडतो, साल हातात राहते. जाड सालीचे, कमी रसाचे टोमॅटो असतील तर चिमूटभर साखर घाला.

बहुतेकांचं बिघडतं ते बटाट्यात. टोमॅटोच्या आंबटपणानं बटाट्याच्या पेशी जोडणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून दुधी विरघळायला आला तरी बटाटा आत कचकचीत राहतो. उपाय दोन: बटाट्याच्या चकत्या अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा फार जाड नकोत, आणि टोमॅटो पडण्याआधी तो निम्मा शिजलेला हवा.

भांडं जाड बुडाचं, पसरट, स्टीलचं किंवा नॉनस्टिक. लोखंडी कढई नको, टोमॅटोनं रस काळपट पडतो आणि लोखंडाची चव येते. शेंगतेल तापवून आधी बटाटे 8-10 मिनिटं, कडा सोनेरी होईतो परता आणि काढा. मग वांगी 5 मिनिटं, मग दुधी 3-4 मिनिटं. सगळं एकदम टाकलंत तर भाज्या नुसत्या वाफवतील, भाजल्याची चव येणार नाही. त्याच भांड्यात उभा चिरलेला कांदा तळाला, त्यावर बटाटे, मग बाकीच्या भाज्या, ठेचलेला लसूण, उरलेलं मीठ, मिरपूड, ओरेगानो. सर्वांत वर टोमॅटोचा गर आणि निम्मं ऑलिव्ह ऑइल. भांड्याखाली तवा ठेवा. झाकण घालून मंद आचेवर 35-40 मिनिटं. मध्ये डाव घालू नका, कान धरून भांडं हलवा. बटाट्यात सुरी अलगद गेली की झाकण काढून मध्यम आचेवर 10-15 मिनिटं आटवा. कडेला तेल सुटलेलं दिसलं की बंद. तरीही पाणी राहिलंच तर रस वेगळ्या भांड्यात ओतून आटवा आणि परत घाला. भाज्यांसकट उकळत बसलात तर चटणी होईल.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर परतायचीही गरज नाही. कच्च्या भाज्या तेल-मीठ चोळून ट्रेमध्ये, थर पाच सेंटिमीटरपेक्षा उंच नको. 200 अंशांवर फॉइल लावून 45 मिनिटं, मग उघडं 40 मिनिटं. मे महिन्यात हे सकाळी सातच्या आत उरका.

ओरेगानो पिझ्झाच्या पुडीतला चालतो, हातावर चुरडून घाला. नसेल तर पाव चमचा ओवा. वास पुष्कळ जवळचा आहे, पण जास्त झाला की पोटदुखीचं औषध वाटतं. वरून घालायला पार्सली (कोथिंबिरीसारखा पाला) नसेल तर पुदिन्याची पाच-सहा पानं. काळं तिखट घालायचा मोह होईल. चव छानच येईल, पण मग ती आपली मिक्स भाजी.

गरम खाऊ नका. अर्धा-पाऊण तास मुरल्यावर, कोमट असताना चव उघडते. आपल्याकडच्या 42 अंशांत मात्र तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका, उरलेलं फ्रिजमध्ये. तिथे तेल पांढरट गोठतं, ते खराब झालेलं नसतं; बाहेर काढल्यावर वितळतं.

वरून घालायच्या ‘फेटा’ या खारट ग्रीक चीजऐवजी 200 ग्रॅम पनीर, दोन कप पाण्यात तीन चमचे मीठ आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवा आणि वरून कुस्करा. तिकडे हा रस पावाच्या तुकड्यानं टिपतात. आपली ज्वारीची कडक भाकरी मोडून त्यात दोन मिनिटं भिजू द्या, मला ती पावापेक्षा बरी वाटते.